रात्री सीपीएम किंवा अ‍ॅव्हिल घेतली तर सकाळी गाडी-मशीन चालवायचं का?

छाटणीकर_पिंपळगाव

पाऊस ओसरला की नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात शिंकांचा मोसम लागतो. बांधावर गाजर गवत फुललेलं, मका मळणीची धूळ, वर पहाटेचा गारठा. द्राक्षबागेत काम करणारी माणसं मेडिकलमधून सीपीएम नाहीतर अ‍ॅव्हिलची पट्टी आणून ठेवतात. रात्री एक गोळी घेतली की नाक थांबतं, झोपही लागते. पण सकाळी ६ वाजता हीच माणसं ट्रॅक्टरवर असतात, काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या शिफ्टला प्रेस मशीनवर उभी राहतात, काही कसारा घाटातून पिकअप घेऊन मुंबईला भाजी पोचवतात.

नेमकं विचारायचं ते असं. एका वेळी किती, दिवसात जास्तीत जास्त किती? सकाळी डोकं साफ हवं तर रात्री कितीला घ्यावी? सोबत सर्दीची मिक्स गोळी आणि खोकल्याचं औषध चालतं का? घरात सत्तरीचे वडील आहेत, प्रोस्टेटची गोळी चालू आहे, त्यांना तीच पट्टी पुढे केली जाते. ते बरोबर आहे का? "डॉक्टरांना विचारा" हे माहीत आहे आणि विचारूही, पण विचारायला जाताना काय विचारायचं तेही कळायला हवं.

फार्मा_इंदिरानगर

आधी नावं सुटी करू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन मॅलिएट, गोळी ४ मिग्रॅची. अ‍ॅव्हिल म्हणजे फेनिरामिन, २५ आणि ५० मिग्रॅमध्ये येते. दोन्ही जुन्या पिढीच्या अँटिहिस्टामिन, म्हणजे शिंका-खाज आणणारं शरीरातलं हिस्टामिन अडवणाऱ्या, आणि दोन्ही गुंगी आणणाऱ्या. एकीने भागलं नाही म्हणून दुसरी घ्यायची, हे एकच औषध दोनदा घेण्यासारखं आहे. अ‍ॅटारॅक्स (हायड्रॉक्सिझिन), फेनर्गन (प्रोमेथाझिन) आणि डायफेनहायड्रामिन असलेली सिरपं हीही याच घरातली.

सीपीएमचा मोठ्या माणसाचा डोस एका वेळी ४ मिग्रॅ, गरज पडली तर ४ ते ६ तासांनी पुन्हा, २४ तासांत २४ मिग्रॅच्या वर नाही. वयस्कर माणसाला कमाल मर्यादा याच्या निम्मी, १२ मिग्रॅ. ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. फक्त रात्रीच्या शिंकांसाठी बहुतेकांना एक गोळी पुरते. अ‍ॅव्हिलमध्ये २५ आणि ५० च्या पट्ट्या दिसायला सारख्या वाटू शकतात. चिठ्ठीवर २५ लिहिलेलं असताना घरातली ५० ची घेतली की डोस दुप्पट, म्हणून आकडा वाचल्याशिवाय गोळी फोडू नका.

आता वेळेचं. पट्टीवर "४ ते ६ तासांनी" लिहिलेलं असतं, त्यामुळे सहा तासांत गोळी उतरली असा समज होतो. तसं नाही. शिंका थांबवायचा जोर त्या वेळात कमी होतो, पण मोठ्या माणसाच्या रक्तातलं सीपीएम निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात. रात्री ११ ला घेतलेली गोळी सकाळी ६ ला बऱ्यापैकी अंगात असते. रोज घेतली तर कालची थोडी आणि आजची पूर्ण, असं साचत जातं. सकाळी काम असेल तर रात्री ८-९ वाजता, जेवणाच्या आसपास घ्या. जेवणाने फरक पडत नाही, पोट दुखत असेल तर जेवून घ्या. रात्री २ वाजता नाक वाहायला लागलं म्हणून उठून गोळी टाकायची आणि ५ ला गाडी काढायची, हे सगळ्यात वाईट. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

सर्दीच्या मिक्स गोळीत बहुधा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन आणि तेच आपलं सीपीएम, बरेचदा २ मिग्रॅ. काही ब्रँडमध्ये त्याजागी सेट्रिझिन असतं. खोकल्याच्या बऱ्याच सिरपांमध्येही सीपीएम असतं. हिशेब मांडून बघा. मिक्स गोळ्या दिवसात ३, म्हणजे ६ मिग्रॅ. दर ५ मिलीत २ मिग्रॅ असलेलं सिरप १० मिली तीनदा, म्हणजे १२ मिग्रॅ. वर रात्रीची सुटी सीपीएम ४. झाले २२. धडधाकट तरुण काठावर आला आणि सत्तरीच्या माणसाची मर्यादा केव्हाच ओलांडली, तीही कुणी "जास्त गोळ्या" न घेता. म्हणून मेडिकलमध्ये ब्रँडचं नाव सांगून थांबू नका. "घरी अमुक चालू आहे, यात सीपीएम आहे का?" एवढं विचारा. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. पट्टीवर "वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं" अशा अर्थाची ओळ दिसेल. अँटिहिस्टामिन शेड्यूल जी मध्ये (डॉक्टरी देखरेखीत घ्यायच्या औषधांची कायद्यातली यादी) येतात, म्हणून ती छापावी लागते. शोभेला नाही.

मिक्स गोळीतल्या फेनिलेफ्रिनने बीपी चढू शकतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉलही दुसरीकडून घेतलं जात असेल तर त्याचीही बेरीज करायला हवी.

नाक_कान_घसा

वरच्या उत्तरात डोस नीट आला आहे, मी गुंगीबद्दल सांगतो, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. पेंग येणं आणि मेंदू मंदावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिस्टामिन फक्त नाकात खाज आणत नाही. मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवायच्या कामाला असतं. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून तिथलं हिस्टामिन अडवतात, म्हणून गुंगी. तीन-चार दिवस सलग घेतली की पेंग कमी होते आणि माणूस म्हणतो, "मला आता ही गोळी चढत नाही." पण ब्रेकवर पाय पडायला लागणारा वेळ, लक्ष आणि हात-डोळ्याचा मेळ यांतला फरक पेंग गेल्यावरही राहू शकतो. ज्याला झोप येत नाही त्याला धोका जाणवत नाही, म्हणून तो जास्त निर्धास्त असतो. कडक चहाने डोळे उघडतात, हाताचा वेग परत येत नाही.

त्यामुळे पहिली गोळी कधीही सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी, ट्रॅक्टर, कटर, प्रेस, शिडी यांना हात लावू नका. तेव्हा आपलं अंग तिला कसं घेतं ते कळेल. सकाळी जीभ कोरडी, डोकं जड, बोलताना शब्द अडखळतोय अशी अवस्था असेल तर ती गोळी कामाच्या दिवसांची नाही. कसारा घाट किंवा पुण्याकडचा चंदनापुरी घाट उतरायचा असेल तर सीपीएम, अ‍ॅव्हिल, फेनर्गन, अ‍ॅटारॅक्स यांतलं काहीच आदल्या रात्री नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूचं नाही. औषधाच्या अमलाखाली गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर तेही त्यात बसतं, मग औषध चिठ्ठीवरचं का असेना.

कामाच्या दिवसांसाठी दुसऱ्या पिढीच्या गोळ्या आहेत. फेक्सोफेनाडिन सगळ्यात कमी गुंगीची. नाकाच्या अ‍ॅलर्जीला मोठ्यांना १२० मिग्रॅ दिवसातून एकदा, अंगावर गांधी उठत असतील तर १८०. ती पाण्याबरोबरच घ्या. संत्रं, मोसंबी, सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधानेही तेच होतं, दोन तासांचं अंतर ठेवा. लोराटाडिन १० मिग्रॅही बरी. सेट्रिझिन १० मिग्रॅ आणि लेव्होसेट्रिझिन ५ मिग्रॅ यांना लोक "झोप न आणणाऱ्या" म्हणतात, ते अर्धंच खरं. जुन्यांपेक्षा गुंगी कमी, पण काहींना चांगलीच येते, म्हणून त्या रात्री घेतलेल्या बऱ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो. महिनोन् महिने रोज घेऊन एकदम बंद केली की काहींना अंगभर जबर खाज सुटते, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे. ती अ‍ॅलर्जी परतली असं समजून लोक पुन्हा गोळी सुरू करतात आणि चक्र चालू राहतं. बंद करताना डॉक्टरांशी बोलून करा.

आणखी एक. नाक *वाहत* असेल, शिंका आणि खाज असेल तर गोळी काम करते. नाक *चोंदलं* असेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, मग माणूस एकाच्या दोन करतो. चोंदलेल्या नाकाला फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा (स्टिरॉइडचा) स्प्रे लागतो. तो मारायचीही रीत आहे. नाक शिंकरून साफ करा, मान किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला जातं. मधल्या पडद्यावर मारला तर तिथली त्वचा सुकून रक्त येतं. जोरात ओढू नका, घशात गेला की वाया. आणि तो रोज मारायचा असतो, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे निम्मे असतील. झटपट नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे गेले की थेंबांमुळेच नाक बंद व्हायला लागतं.

गोदाकाठ

@नाक_कान_घसा वडिलांचं राहिलं. माझ्याही वडिलांचं तसंच आहे, वर काचबिंदूही सांगितला आहे. आणि लहान मुलांना रात्री शांत झोप लागावी म्हणून सिरप दिलं जातं ते कितपत चालतं?

नाक_कान_घसा

वडिलांना ही पट्टी देऊ नका. जुन्या गोळ्या हिस्टामिनबरोबर लाळ, लघवीची पिशवी यांना निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलिनही अडवतात. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच. तरुणाला ती कटकट वाटते, सत्तरीत तेच महागात पडतं. प्रोस्टेट वाढलेलं असताना लघवीची पिशवी नीट आकुंचन पावली नाही की लघवी अडकते. पोट फुगून रात्री २ वाजता नळी घालायला दवाखाना गाठावा लागतो. काचबिंदू अरुंद कोनाचा असेल तर डोळ्याचा दाब अचानक चढू शकतो. डोळा लाल, दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलटी, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. काचबिंदू कोणत्या प्रकारचा आहे ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्या. बद्धकोष्ठता आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं हे वेगळंच. एकाएकी असंबद्ध बोलायला लागले तर "म्हातारपण" म्हणण्याआधी गेल्या दोन दिवसांत कोणती नवी गोळी सुरू झाली ते बघा. विसराळूपणासाठी डोनेपेझिल चालू असेल तर सीपीएम त्याच्या नेमकं उलट काम करते. नसांच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर दोघांचे त्रास एकावर एक चढतात.

आता कुणालाही लागू असलेला दुसरा धोका: दारू, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, वेदनेची ट्रॅमाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, नसांच्या दुखण्याच्या प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन. यांच्यासोबत सीपीएम घेतली तर गुंगीची नुसती बेरीज होत नाही, श्वासही मंद होऊ शकतो. रात्रीचा एक पेग आणि एक गोळी, हे आपल्याकडे फार चालतं. नको.

मुलांना झोपवायला अँटिहिस्टामिन देऊ नका. सहा वर्षांखाली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाहीच. फेनर्गन दोन वर्षांखाली पूर्ण बंद, श्वास थांबण्याचा धोका असतो. सीपीएम आणि फेनिलेफ्रिनचं एकत्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना लेबलवर छापायला सांगितलं. शिवाय काही मुलं या औषधाने झोपायच्याऐवजी उलट पेटतात, रात्रभर उड्या मारतात. मग "कमी पडलं" म्हणून अजून एक चमचा दिला जातो.

फार्मा_इंदिरानगर

चमच्यावरून सांगायचं म्हणजे, घरातला चमचा मोजमाप नाही. कुणाचा ३ मिलीचा, कुणाचा ८ चा. बाटलीबरोबर येणारं टोपण किंवा सुईविना सिरिंज वापरा. आणि ड्रॉप्स व सिरप यांत गल्लत करू नका. काही ब्रँडमध्ये ड्रॉप्सच्या १ मिलीत जेवढं सीपीएम, तेवढं सिरपच्या ५ मिलीत असतं. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स ५ मिली दिले तर डोस पाचपट. मूल जास्त प्यायलं असेल तर अंग तापतं पण घाम नाही, चेहरा लाल, बुबुळं मोठी, नसलेल्या गोष्टी दिसल्यासारखं बडबडतं, झटकाही येऊ शकतो. उलटी काढायचा प्रयत्न न करता १०८ लावा आणि बाटली सोबत घ्या.

सायखेड्याचा_शेतमित्र

औषधांचं वर आलं. पण आमच्या भागात निम्म्या वेळा जी "अ‍ॅलर्जी" म्हणतात ती अ‍ॅलर्जी नसते, म्हणून हे लिहितो.

गंधक धुरळणीनंतर डोळे-नाक चुरचुरतं ती जळजळ आहे. हिस्टामिनचा फार संबंध नाही, त्यामुळे अ‍ॅव्हिल घेऊन फक्त झोप येईल. भरपूर पाण्याने डोळे धुवा, कपडे बदला, पुढच्या वेळी चष्मा आणि नीट बसणारा मास्क वापरा. तोंडाला बांधलेला गमछा मास्क नव्हे.

कीडनाशक फवारल्यानंतर नाक-डोळे वाहतात, पण सोबत तोंडाला लाळ, घाम, मळमळ, पोटात मुरडा, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी असं असेल तर ती विषबाधा असू शकते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटात असंच होतं. अशा माणसाला सीपीएम देऊन खाटेवर झोपवणं हा जिवाशी खेळ आहे. गुंगी गोळीची की विषाची हेच मग कळत नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कीडनाशकाच्या डब्याचं लेबल घेऊन थेट सिव्हिल हॉस्पिटल नाहीतर जवळचा मोठा दवाखाना.

छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना (फुटव्याच्या कळ्यांना) हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, त्याचं तर खास सांगतो. ते हाताळलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लालभडक, छातीत धडधड, डोकं ठणकणं, दम लागणं असं होतं. हे रसायन शरीरात दारू पचायचा टप्पा अडवतं, म्हणून. लोक म्हणतात "पेस्टची अ‍ॅलर्जी आली" आणि अ‍ॅव्हिल देतात. अ‍ॅव्हिलने तो टप्पा सुटत नाही, दारूवर गुंगी मात्र चढते. पेस्टिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस दारू बंद, आणि कामाच्या वेळी रबरी हातमोजे.

गाजर गवतानेही दोन वेगळ्या गोष्टी होतात. परागाने शिंका येतात, त्याला गोळी चालते. पण मान, पापण्या, कोपराची खोबण इथे कातडी जाड, काळपट होऊन खाजते ती संपर्काची त्वचाबाधा. ती हिस्टामिनवर चालत नाही. गोळीने रात्री झोप लागते एवढंच, कातडी बरी होत नाही. त्वचेचे डॉक्टर मलम देतील, आणि गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटावं लागेल. फुललेलं उपटलं तर पराग अंगावरच येतो.

छाटणीकर_पिंपळगाव

फारच कामाचं. शेवटचा प्रश्न. अंगावर पित्त उठलं, गांधी आल्या, तर घरी काय आणि दवाखान्यात कधी? इथे आमसुलाचं पाणी लावतात.

नाक_कान_घसा

आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, लावा, त्याने बिघडत नाही. मात्र हे पित्त पोटातल्या अ‍ॅसिडिटीचं नाही, त्यामुळे अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ते उतरणार नाही. नुसत्या गांधी, खाज, बाकी माणूस ठीक असेल तर फेक्सोफेनाडिन १८० किंवा सेट्रिझिन १०, आणि रात्रीची झोप उडत असेल तरच गुंगीवाली एखादी, एक-दोन रात्री, वरची सगळी पथ्यं पाळून. सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी येत राहिल्या तर तपासून घ्या.

ओठ-जीभ-घसा सुजणं, आवाज बसणं, छातीत घरघर, चक्कर, वारंवार उलटी, यातलं काही असेल तर गोळीची वाट बघू नका. मधमाशा-गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखादं इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत असं होतं. अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन टोचलं म्हणजे झालं असं इथे मानलं जातं. ते खाज कमी करतं, पण बंद होणारा घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर आणत नाही. ते काम अ‍ॅड्रिनालिनचं, मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. १०८ लावताना "अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन, श्वासाला त्रास" असं स्पष्ट सांगा. माणसाला आडवं करून पाय वर ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण एकदम उभं करून चालवू नका. अ‍ॅड्रिनालिनने बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, काही वेळा तोच त्रास परत येतो.

आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते टोचून बघायची तपासणी करायची असेल तर ७ दिवस आधीपासून सगळी अँटिहिस्टामिनं, सर्दीच्या मिक्स गोळ्यांसकट, बंद ठेवावी लागतात. नाहीतर तपासणी कोरी येते. स्प्रे चालू ठेवला तरी चालतो.

फार्मा_इंदिरानगर

+१. मिक्स गोळीत सीपीएम असतं हे लक्षात न राहिल्याने तपासणीची तारीख वाया जाते. अपॉइंटमेंट घेतानाच घरातल्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो तिथे दाखवा.